टी-जेट, कुटार आणि दीड लाख रुपये

पत्र : काका, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. नोकरी यवतमाळला, रोज जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. मागच्या दिवाळीत २०११ ची फियाट लिनिया टी-जेट (टर्बो पेट्रोल) घेतली, मी तिसरा मालक. मीटरवर ९२ हजार आहेत. कॉलेजात होतो तेव्हापासून या गाडीवर जीव होता. आता त्रास असा, की उन्हात एसी लावून गावातून हळू चाललो की तापमानाचा काटा वर जातो. शिवाय टर्बोचा जो धक्का म्हणतात तो काही जाणवत नाही. आमच्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून टाकला, त्यानं जरा फरक पडला. दीड लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. मित्र म्हणतो रीमॅप कर (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढव), मोकळा एअर फिल्टर आणि मोठा सायलेन्सर लाव, १७ इंची अलॉय टाक आणि गाडी थोडी खाली बसव. बाबा म्हणतात, विकून टाक. आरसी ऑक्टोबरात संपते. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, जि. यवतमाळ

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, कारण मित्राच्या एवढ्या यादीत गाडी थांबवणारी एकही वस्तू नाही. दुसऱ्यांदा मात्र थर्मोस्टॅटपाशी अडलो. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं काढली. ‘काई होत नाई भाऊ, काढून फेकू’ हे वाक्य बाहेरच्या गॅरेजांत इतक्यांदा ऐकलंय, की मिस्त्रीनं तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू येतं.

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, वाटेवरचा दरवाजा. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, गरम झालं की उघडतो. काढून टाकला की दरवाजा कायमचा सताड उघडा. मे महिन्यात बरं वाटतं. डिसेंबरात मात्र पहाटे आठ-दहा अंशांत निघालात, की यवतमाळ येईस्तोवर इंजिन नीट तापतच नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ऑइलमधला ओलावा उडत नाही, त्याचा चिखल होतो, आणि टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर जगतं. म्हणून नवा थर्मोस्टॅट ही तुमची पहिली खरेदी. आता खरा प्रश्न राहतो तो असा, की दरवाजा उघडा असूनही गाडी का तापते?

गाडी तापते कधी, ते पाहा. उभी असताना किंवा गावातून हळू जाताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरनं काटा खाली येतो, तर रेडिएटरला हवा मिळत नाही. पंखा तरी आजारी, नाहीतर जाळीच बुजलेली. उलट, वेगात चालतानाच काटा चढत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा पंपाची पाती झिजलीत. आणि कुठं गळती दिसत नसताना कूलंट कमी होतंय, ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस दिसतोय, तर हेड गॅस्केटची तपासणी करा आणि तोवर लांबचा प्रवास बंद. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं. पुष्कळ गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात, आणि मंद वेगाचा रेझिस्टर जळाला की पंखा उशिरा, एकदम जोरात सुरू होतो. गाडी उभी ठेवा, एसी लावा, बोनेट उघडा. थोड्याच वेळात पंखा फिरायला हवा. नाही फिरला, तर चोर सापडला.

फिरला तरी काम संपत नाही. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत आपला अख्खा जिल्हा जमा होतो. जिनिंगसमोरून जाताना उडणारी कापसाची तुसं, सोयाबीनच्या मळणीची धूळ, तुरीचं कुटार म्हणजे भुसकट, आणि पावसाळ्यात दिव्यावर झेपावणारे किडे. एकदा एका मास्तरांची गाडी उघडली होती. फटीतून बोटभर जाडीची गादी अख्खी निघाली. राखाडी, मऊ, तिच्यात एक वाळलेला नाकतोडा. मास्तर म्हणाले, ‘हे तं रजईत भरता येईल.’ ती काढल्यावर गाडी तापायची थांबली. रेडिएटर सुटा करून, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेनं धुवा. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरच्या फवाऱ्यानं जाळीची पाती दुमडतात आणि हवेची वाट आणखी बंद होते.

आणि बोअरचं पाणी घालू नका. हे मी हात जोडून सांगतो. आपल्याकडच्या पाण्यात क्षार किती ते घरच्या गिझरच्या कॉइलवर पाहा. खारपाणपट्ट्यातल्या भावंडांना तर सांगायलाच नको. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. नुसतं पाणी शंभर अंशांवर उकळतं. निम्मं कूलंट आणि दाब धरणारं झाकण दोन्ही ठीक असेल तर ती मर्यादा एकशेवीसच्या पुढं जाते. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर झाकण बदला. स्वस्तातला स्वस्त इलाज हाच.

आता टर्बोचा धक्का. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. इथं तुमच्या मित्राचा आणि माझा मार्ग वेगळा होतो.

टी-जेटचं इंजिन १३६८ सीसीचं, ११४ पीएसचं, म्हणजे ११४ घोड्यांचं. ओढ (टॉर्क) २०७ न्यूटन-मीटर, आणि तीही २२०० आरपीएमलाच. त्याच मापाचं बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन त्या काळच्या साध्या लिनियात होतं, त्याची ओढ ११५ न्यूटन-मीटर. म्हणजे जवळजवळ निम्मी. टर्बोनं दाबलेली हवा वाटेत गळाली, की उरते ती साधी गाडी, आणि तीही जडशी. तुम्ही धक्का शोधताय आणि तो बोनेटखाली एखाद्या चिरलेल्या पाइपमधून फुस्स होत असेल. पंधरा वर्षांच्या रबराला आपला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा बसलाय, त्यात त्याचा काय दोष?

माझ्याकडं एक जुनी टर्बो गाडी होती, नाव घेत नाही. दोन महिने मी प्लग बदल, कॉइल बदल, फिल्टर बदल करत होतो. घाटंजीच्या रस्त्यानं जाताना मुलगी शेजारी बसली होती. चढावर मी पाय दाबला, तर म्हणाली, ‘बाबा, गाडीत साप आहे का?’ टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपला खालच्या बाजूनं, जिथं नजर जात नाही तिथं, करंगळीएवढी चीर होती. दाब वाढला की ती तोंड उघडायची, गाडी उभी केली की मिटायची. तीस वर्षांचा मिस्त्री मी, आणि चीर सापडली तिला.

तेव्हा रीमॅपचे पैसे मोजायच्या आधी हे करा. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरात २००० वर गाडी ठेवून पाय पूर्ण दाबा, काच खाली करून ऐका. मग चांगल्या गॅरेजात स्मोक टेस्ट करून घ्या. पाइपांत धूर सोडतात, जिथून निघेल तिथं गळती. स्कॅनर लावून बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या हवेचा, दाबही वाचता येतो. चीर असेल तर पाइप बदला, सगळ्या क्लिपा नव्या टाका, प्लग टर्बोला सांगितलेल्याच नंबरचे घाला. भाऊ, ज्या गाडीत तुम्ही बदल करायला निघालात ती गाडी तुम्ही अजून चालवलेलीच नाही. आधी ती चालवा. मग सांगा रीमॅप हवा का.

टायमिंग बेल्टबद्दल पत्रात एक शब्द नाही, आणि मला सगळ्यात जास्त धाकधूक त्याचीच आहे. हे इंजिन चेनवर नाही, रबरी पट्ट्यावर चालतं. आधीच्या मालकांकडून पट्टा बदलल्याचं बिल मिळालं का? ‘बदलला होता म्हणाले’ हे बिल नव्हे. तिसऱ्या मालकाच्या गाडीत मीटरवरच्या ९२ हजारांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पट्टा धावण्यानं जेवढा झिजतो तेवढाच वर्षांनी आणि उष्णतेनंही सुकतो. तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळण्याची भीती, आणि मग दीड लाख कमी पडतील. पट्टा, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला. पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, खोलायची मजुरी तीच. कॅम लॉक करायचं खास हत्यार या इंजिनाला लागतं. पांढऱ्या पेनानं खूण करून बसवणाऱ्याच्या हाती देऊ नका. नागपूर-अमरावतीत ज्यानं हे इंजिन आधी उघडलंय असा माणूस शोधा, एक दिवसाची रजा टाका आणि स्वतः उभे राहून काम पाहा.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, सिंथेटिक. तुमचं महिन्याचं धावणं सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास धरा, वर्षाचे सत्तावीस हजार होतात. म्हणजे साडेसात हजारांच्या हिशेबानं साधारण सव्वातीन महिन्यांनी ऑइल आणि फिल्टर. दर रविवारी डिपस्टिक पाहा. हायवेवरून पळवत आणलीत तर दारात आल्या आल्या चावी फिरवू नका, मिनिटभर चालू राहू द्या. टर्बो लाल असतो, ऑइल थांबलं की आत जळतं.

आता यादीतल्या गोष्टी, भराभर.

मोकळा फिल्टर नको. बोनेटखालची तापलेली हवा आणि वर सांगितलेलं कुटार दोन्ही सरळ टर्बोच्या पंख्यात. कंपनीच्या डब्यातला कागदी फिल्टर ठेवा आणि वेळेआधी बदला. पंक्चरवाल्याच्या होजनं तो फुंकून घेण्याची आपल्याकडं पद्धत आहे, त्यानं कागद फाटतो.

गाडी खाली बसवणं नको. तुमच्या गावाच्या फाट्यावरचा गतिरोधक मी पाहिलेला नाही, पण तसे बरेच पाहिलेत. कंत्राटदारानं उरलेलं डांबर ओतून टाकलेलं असतं.

१७ इंची अलॉय नको. पातळ बाजूचा टायर खड्ड्यात गेला की फुगा येतो नाहीतर रिमच वाकते. पण टायरांवर पैसे घाला, आणि भरपूर घाला. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचंच माप, चांगल्या कंपनीचे चार एकसारखे. आत्ताच जाऊन टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ असेल तर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही दिसो, सहा-सात वर्षांच्या टायरवर मी तरी समृद्धीवर जाणार नाही. कारंज्यापासून चढून रविवारी पळवत असाल, याची मला खात्री आहे. तिथं कारला १२० ची मर्यादा आहे, आणि मे महिन्यात ते सिमेंट दुपारी तव्यासारखं असतं. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. गरम टायरची हवा काढून ‘बरोबर’ करणारे पुष्कळ आहेत, त्यांचं ऐकू नका.

ब्रेकसाठी वेगळं काही आणायची गरज नाही. तुमच्या गाडीला चारही चाकांना डिस्क आहेत, तेवढ्या धड करा. पॅड, चिरलेले रबरी होज आणि फ्लुइड. डॉट-४ फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश, पाणी धरल्यावर १५५ पर्यंत खाली येतो. दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, आणि गाडी विकणारा मालक ते कधीच बदलत नाही.

शॉकअप, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड हे सस्पेंशनचे भाग एकाच वेळी करा. यानं गाडी जेवढी नवी वाटेल तेवढी कशानंच वाटणार नाही. आणि हेडलाइट. काचा पिवळ्या पडल्या असतील तर पॉलिश करा, वायरिंगमध्ये रिले टाकून बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळेल असं करा. डोळे दिपवणारे स्वस्तातले एलईडी नकोत, समोरच्या मोटारसायकलवाल्याला काही दिसत नाही. रात्री आठनंतर तुरीतून रोही (नीलगाय) रस्त्यावर येतो तो गाडी पाहून थांबत नाही, दिव्याकडंच बघत उभा राहतो. तुमच्या ११४ घोड्यांपेक्षा त्याचं वजन लक्षात ठेवा.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीत आहे त्याच्याशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. तुमची आरसी ऑक्टोबरात संपते, म्हणजे ऑगस्टपासून, शेवटच्या साठ दिवसांत, नमुना २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करता येईल. चारचाकीला शुल्क ५ हजार, पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट बसलेली हवी. पासिंगला गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी राहणार आहे. तिथं फटाके फोडणारा सायलेन्सर घेऊन जायची हौस असेल तर मी काय बोलू? मंजूर झालं की पुढची पाच वर्षं मोकळी. रीमॅप डोळ्यांना दिसत नाही हे खरं, पण अपघातानंतर विमा कंपनीला तो दिसू शकतो. न कळवलेल्या बदलावर क्लेम अडतो.

पेट्रोल आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. २०११ ची गाडी त्यासाठी बनलेली नव्हती. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून कागदावर सहा-सात टक्के अ‍ॅव्हरेज जातं. खरी काळजी रबराची. इंधनाचे होज आणि सील इथेनॉलला टिकणारे टाका, आणि बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी काढू नका. तुम्ही रोज चालवता हे चांगलं, टाकीत पेट्रोल पडून राहिलं की इथेनॉल ओलावा धरतं. एक जमेची बाजूही आहे. या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ आहे, आणि टर्बोला तो मानवतो.

आता बाबा. त्यांचं पूर्ण खरं नाही, पण हिशेब करा. नव्वद किलोमीटर, अ‍ॅव्हरेज अकराचं धरलं तर दिवसाला आठ लिटरच्या वर. लिटर शंभराच्या पुढं गेलंय. महिन्याला वीस हजारांपेक्षा जास्त नुसतं पेट्रोल, शिवाय ऑइल, टायर, पॅड. रीमॅपच्या खर्चाची काळजी तुम्ही करताय, पण वर्षाला अडीच लाख रुपये तिकडं नळानं वाहतायत. तुमच्याच रस्त्यानं जाणारे दोन नोकरदार सोबत घ्या, पेट्रोल वाटून घ्या. आणि सुट्या भागांसाठी दिवस थांबावं लागेल हे आधीच धरून चाला. या कंपनीनं भारतात या गाड्या बनवणं केव्हाच थांबवलं. काही भाग फियाटच्याच पुंटोशी जुळतात, काही नागपुरात मिळतात, काही पुण्याहून नाहीतर दिल्लीच्या कश्मिरी गेटवरून मागवावे लागतात. तेवढे दिवस एस.टी. किंवा दुचाकी. आपल्याकडची शकुंतला रेल्वे चालू असती तर तिचंही नाव घेतलं असतं. पर्यायी वाहन दारात नसेल तर बाबांचं म्हणणं मान्य करा, असलं तर विकू नका.

पैशांचा माझा अंदाज असा. बेल्ट आणि कूलिंगचं काम, ते आधी. मग टायर, त्याला पंचवीस-तीस हजार धरा. मग ब्रेक आणि सस्पेंशन. शेवटी पाइप-क्लिपांचं जे निघेल ते. दीड लाखातून निदान तीस हजार हात न लावता बँकेत ठेवा, जुनी गाडी महिन्याभरात काहीतरी मागणारच. प्रत्येक कामाचा दर दोन ठिकाणी विचारून घ्या आणि जुने सुटे भाग परत मागून आणा. वर्षभर चालवून झाल्यावरही रीमॅप हवासा वाटला तर पुन्हा पत्र लिहा, तेव्हा मी नाही म्हणणार नाही.

एक राहिलंच. गाडी रात्री कुठं उभी असते? गोठ्याशेजारी, कुटाराच्या ढिगाजवळ असेल तर आजच हलवा. उंदीर इंजिनाच्या उबेला येतो आणि वायरिंगचं प्लास्टिक कुरतडतो. फ्यूज बॉक्समध्ये घरटं केलेलं मी दोनदा पाहिलंय. बोनेट रात्री उघडं ठेवलं की ऊब लवकर जाते, उंदीर बसत नाही. मांजर असेल तर आणखी बरं. आणि मिस्त्रीनं काढलेला तो थर्मोस्टॅट फेकला नसेल तर त्याच्यावरचा नंबर मोबाइलात टिपून ठेवा, नवा मागवताना लागेल.